नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, मुलगी सहा वर्षांची: पोर्तुगालला यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मूळची पुण्याची, राहते अटलांटात. नवरा आफ्रिकन-अमेरिकन, मुलगी सहा वर्षांची. तिथल्या बंदुका आणि पोलिसांच्या बातम्या ऐकून दोघं वैतागलेत आणि पोर्तुगालचा विचार करतायत. इथे येऊन राहिलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे व्हिडिओ नवऱ्याने बघितलेत, त्यात सगळे खूश दिसतात. शिवाय गोव्याची एक मैत्रीण सांगते, की पोर्तुगीज माणूस रंग बघत नाही, नाहीतर आपल्या गोव्याच्या घराण्यातल्या आंतोनियु कोस्टांना त्यांनी पंतप्रधान केलं असतं का? यातलं किती खरं?

मी २००८ पासून लिस्बनमध्ये आहे. बाहेरून येणाऱ्या लोकांना घर बघून देणं, कर क्रमांक काढून देणं, रेसिडेन्सीची कागदं आणि शाळेचे दाखले करून देणं हा माझा धंदा. माहेर सावंतवाडी, सासर मडगाव. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मी सासरी पहिल्या जेवणापासून ऐकत आलेय. त्यावर पुढे येतेच. आधी एका घराची गोष्ट सांगते.

शिकागोहून आलेला एक ग्राहक होता. पन्नाशीतला, कृष्णवर्णीय, संगणकाच्या कामातला, पगार उत्तम. बेन्फिकाला दोन खोल्यांचा एक फ्लॅट मी फोनवर पक्का केला होता. घरमालकीण सत्तरीची, बोलायला गोड, ‘या या, रिकामाच आहे’ म्हणाली. दोन तासांनी आम्ही दारात उभे. बाईंनी दार अर्धं उघडलं, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘अगं, ते तर कालच गेलं.’ त्याला पोर्तुगीज येत नव्हतं. तो जिन्याचं लाकडी कोरीवकाम बघत होता. त्याने कौतुकाने इंग्रजीत विचारलं, इमारत किती जुनी आहे? त्याचे उच्चार कानावर पडले आणि बाईंचा चेहराच बदलला. ‘आ, अमेरिकानु!’ एप्रनच्या खिशातून किल्ली बाहेर आली. दार पूर्ण उघडताना त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, ‘माफ कर हं, मला वाटलं अंगोलाचे आहेत.’

घर बघून उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी त्याला सगळं भाषांतर करून सांगितलं. ते न सांगणं मला पटत नाही. कठड्यावर हात ठेवून तो जरा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, ‘आणि मी खरंच अंगोलाचा असतो, हाच पगार असता, तर?’ मी म्हटलं, त्याचं उत्तर बाईंनी दारातच दिलंय. त्याने ते घर घेतलं. ऊन छान यायचं, भाडं परवडत होतं आणि शिकागोत त्याने याहून पुष्कळ वाईट पाहिलं होतं. तिथे तो दोन वर्षं मजेत राहिला. त्याने व्हिडिओ केला असता तर तोही खूशच दिसला असता, आणि खोटं काहीच बोलला नसता. फक्त जिन्यातली ती तीन मिनिटं त्यात आली नसती.

म्हणून, व्हिडिओतली माणसं खरं सांगतात, पण ते अमेरिकन पासपोर्टचं खरं आहे. लिस्बनमध्ये काळा माणूस दिसला की इथल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा केप व्हर्डे, गिनी-बिसाऊ, अंगोला, साओ तोमे या आफ्रिकेतल्या जुन्या पोर्तुगीज वसाहतींची नावं येतात. साठीच्या दशकाच्या शेवटापासून तिथून मजूर येत गेले. या शहरातल्या इमारती, पूल, मेट्रोचे बोगदे यांत त्यांचा घाम आहे. आजही पहाटे पाचच्या सिंत्रा लाइनच्या लोकलमध्ये बसा: ऑफिसं झाडायला निघालेल्या बायका दिसतील, बहुतेक काळ्या. बायका साडेआठला परतीच्या गाडीत बसतात, तेव्हा ऑफिसवाले येत असतात. तुमचे मिस्टर तोंड उघडेपर्यंत याच लोकांपैकी एक आहेत. तोंड उघडलं की अमेरिकन होतात. कातडी आधी, उच्चार नंतर, पासपोर्ट सगळ्यात शेवटी, अशा क्रमाने माणूस वाचला जातो. पहिल्या पायरीवर काय होतं त्याची तयारी हवी, कारण रात्री, गर्दीत, पोलिसाने लांबून बघितल्यावर दुसरी पायरी येईलच असं नाही.

आता मैत्रिणीचं वाक्य. ते कुठून आलं त्याची मोठी गंमत आहे, आणि ती गंमत पणजीत घडली. १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने आपल्या वसाहतींना कागदोपत्री ‘समुद्रापारचे प्रांत’ करून टाकलं. जगभर वसाहती सुटू लागल्या होत्या. आमच्याकडे वसाहतीच नाहीत, असं सांगायची सोय हवी होती. त्याच वर्षी ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइरी यांना सरकारी पाहुणे म्हणून या ‘प्रांतांची’ सैर घडवण्यात आली. पणजीत, तेव्हाच्या इन्स्टिट्यूट वास्को द गामामध्ये, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये, त्यांनी भाषण दिलं. उष्ण प्रदेशातल्या लोकांत मिसळून जायची पोर्तुगीजांना उपजतच हातोटी आहे, या मताला त्यांनी तिथे ‘लुसो-ट्रॉपिकल’ हे नाव दिलं. सरकारला हवं होतं ते आयतं मिळालं. पुढची दोन दशकं राजदूतांच्या तोंडी हेच होतं, आणि आजही टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणीही ते तुम्हाला ऐकवेल. ‘ब्रांदुश कुश्तुमश’, म्हणजे आमच्या सौम्य चालीरीती, हा त्याचा घरगुती अवतार.

ज्या वर्षी पणजीत हे भाषण झालं, त्या वर्षी अंगोला, मोझांबिक आणि गिनीमध्ये ‘इंदिजेनातु’ची व्यवस्था चालू होती. तिथला बहुसंख्य आफ्रिकी माणूस कायद्याने नागरिकच नव्हता. नागरिक व्हायचं तर पोर्तुगीज येते, मिळकत आहे, राहणी ‘सुसंस्कृत’ आहे, हे सिद्ध करावं लागे. तसं करू शकणारे मूठभर. बाकीच्यांच्या वाट्याला सक्तीची मजुरी होती. हे १९६१ पर्यंत चाललं. गोव्याच्या माणसाला हा कायदा लागू नव्हता. तो नागरिक होता, शिकून मोझांबिकला कारकून, शिक्षक, डॉक्टर म्हणून जाऊ शकत होता आणि हजारोंनी गेलाही. तेव्हा ‘पोर्तुगीज रंग बघत नाहीत’ हे एका शिकलेल्या गोंयकाराला बरंचसं खरं वाटलं असेल, तर ते समजू शकतं. ते आफ्रिकी माणसाबद्दलही खरं होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आमच्या घरातच याचा नमुना आहे. सासऱ्यांचे एक चुलतभाऊ लोरेन्सु मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला, कचेरीत होते. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं तेव्हा दोन पेट्या घेऊन लिस्बनला उतरले. त्या वेळी आफ्रिकेतून पाच लाखांच्या आसपास माणसं अशीच आली, त्यांना ‘रतोर्नादुश’, परतलेले, म्हणतात. काका जेवणावर नेहमी सांगायचे, तिकडे आम्ही सगळे भावासारखे राहायचो. एकदा मी विचारलं, घरी कामाला कोण होतं? ‘होता एक मुलेक.’ नाव? काकांना आठवेना. सोळा वर्षं त्यांच्या घरी होता तो. वय विचारलं तर म्हणाले, चाळिशीचा असेल. मुलेक म्हणजे पोरगा. काका मनाने वाईट नव्हते, माझ्या मुलाला मांडीवर घेऊन मांडो म्हणायचे. पण तुमचे मिस्टर उद्या एखाद्या गोंयकार घरात जेवायला गेले, तर समोर एखादे काका असतीलच, आणि त्यांना वाटत असेल की आपण अगदी मोकळ्या मनाचे आहोत.

कोस्टांचं म्हणाल तर ते खरंच आहे. आंतोनियु कोस्टांचे वडील ओर्लांदु द कोस्टा लेखक, घराणं मडगावचं. मुलगा २०१५ ते २०२४ पंतप्रधान होता, आता युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष आहे. त्यांच्या मंत्रिमंडळात लुआंडात जन्मलेल्या फ्रान्सिश्का वान दुनें कायदामंत्री होत्या, आणि २०१९ च्या निवडणुकीत तीन कृष्णवर्णीय बायका संसदेत गेल्या. हे छोटं नाही. पण त्याच २०१९ मध्ये शेगा नावाचा पक्षही निघाला, आणि २०२५ च्या निवडणुकीत ६० जागा घेऊन संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. प्रचारात स्थलांतरित आणि रोमा लोक हे त्यांचं ठरलेलं लक्ष्य. आपण हिंदुस्तानी सुटलोय असं समजू नका. आपल्यासाठी इथे ‘मोन्ये’ ही खास शिवी आहे, तीही मोझांबिकहून आलेली. १९ डिसेंबर २०२४ ला, नेमक्या गोवा मुक्तिदिनी, मार्तीं मोनीजच्या बाजूच्या बेन्फोर्मोझु गल्लीत पोलिसांनी बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी माणसांना ओळीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि झडती घेतली. तो फोटो देशभर गाजला. मी जिरं-मोहरी घेते ती दुकानं त्याच गल्लीत आहेत.

आता जिवाच्या भीतीचं, कारण तुमचा मूळ मुद्दा तो आहे. अमेरिकेशी तुलना केली तर इथे बंदुका अगदी कमी, आणि वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली म्हणून छातीत धडधडायचं कारणही कमी. हा फरक खरा आहे. माझ्या ग्राहकांचे खांदे तीन-चार महिन्यांत सैल झालेले मी बघितलेत. पण तीन नावं तुम्हाला माहीत असावीत. आल्सिंदु मोंतैरु, केप व्हर्डे मुळाचा तरुण, १० जून १९९५ च्या रात्री बाइरु आल्तुच्या बाजूला नवनाझी टोळक्याने केलेल्या मारहाणीमुळे गेला. १० जून हा राष्ट्रीय दिवस, सालाझारच्या काळात त्याला ‘वंशाचा दिवस’ म्हणत. ब्रुनु कांदे, नट, जुलै २०२० मध्ये मोश्काविदला भर रस्त्यात, भर दुपारी गोळ्या घालून मारला गेला. मारणारा अंगोलाच्या युद्धात लढलेला म्हातारा होता, आणि खुनामागे वांशिक द्वेष होता हे न्यायालयाने मान्य केलं. ओदाइर मोनिज ऑक्टोबर २०२४ मध्ये लिस्बनला लागून असलेल्या आमादोरात, कोवा द मोरा या वस्तीजवळ, पोलिसाच्या गोळीने गेला, आणि त्यानंतर लिस्बनच्या उपनगरांत काही रात्री बसगाड्या जळत होत्या. तुमच्या मिस्टरांना ही नावं सांगितली तर ते तिथली दहा नावं सांगतील. तरी सांगा.

अमेरिकेतून आलेल्यांना इथे सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. तिथे निदान भांडायची भाषा तयार आहे: आकडे आहेत, खटले आहेत, शब्द आहेत. इथे २०२१ च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न घालावा अशी शिफारस झाली होती, सांख्यिकी संस्थेने तो घेतला नाही. किती काळे पोर्तुगीज आहेत, तुरुंगात किती, विद्यापीठात किती, हे जनगणनेतून कळत नाही. तुम्ही तक्रार केली की समोरचा मनापासून दुखावतो: ‘अहो, आम्ही तसे नाही!’ मग तुम्हीच त्याची समजूत काढत बसता. एक हत्यार मात्र लक्षात ठेवा. दुकान, हॉटेल, दवाखाना, कुठेही ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’, तक्रारवही, ठेवणं बंधनकारक आहे. आवाज न चढवता ती वही मागायची. मागितल्यावर निम्मी कामं होतात. घर देताना भेदभाव झाला तर २०१७ च्या कायद्याखाली समानता आयोगाकडे तक्रार जाते. दंड होऊ शकतो, पण वेळ फार लागतो. आशा बेताचीच ठेवा.

तुमच्या प्रश्नात मुलीबद्दल एकच ओळ होती. मला विचाराल तर तिच्याचसाठी खरा विचार करायला हवा.

मिस्टरांचे अमेरिकन उच्चार त्यांचं रक्षण करतात. ते मुलीला वारशात मिळणार नाहीत. सहा वर्षांचं पोर वर्षभरात फडाफडा पोर्तुगीज बोलायला लागतं, आणि हेच आपल्याला हवंही असतं. चौदाव्या वर्षी मैत्रिणींबरोबर मेट्रोत बसलेली ही मुलगी अस्सल लिस्बनची वाटेल. म्हणजेच बघणाऱ्याला ती आमादोराची केप व्हर्डी पोर वाटेल. दुकानात सुरक्षारक्षक मागे फिरेल, तेव्हा तिच्याकडे जिन्यातली ती इंग्रजी नसेल, किंवा असली तरी ती मुद्दाम काढावी लागेल. आणि चौदा वर्षांची पोरगी ते करेल का, आणि तिने ते करावं असं तुम्हाला वाटेल का, हा प्रश्न आत्ताच दोघांनी बसून बोला. इथल्या काळ्या मुलांना ‘वाय पारा तुआ तेर्रा’, तुझ्या देशात जा, हे वाक्य पाठ असतं. त्यांतली पुष्कळशी इथेच जन्मलेली. १९८१ च्या कायद्याने जन्माने नागरिकत्व मिळणं बंद झालं, त्यामुळे इथल्याच इस्पितळात जन्मून, इथल्याच शाळेत शिकून रेसिडेन्सी कार्डासाठी रांगेत उभी राहिलेली एक अख्खी पिढी आहे. नंतरच्या दुरुस्त्यांनी ते सैल झालं, पण राग शिल्लक आहे. त्याच रांगेत तुमचं कुटुंब मात्र डी-७ व्हिसावर, म्हणजे स्वतःची बांधलेली मिळकत दाखवून मिळणाऱ्या व्हिसावर, येऊन उभं राहील. हे तिच्या वर्गातल्या मुलांना कळतं.

शाळेत इतिहास म्हणजे ‘शोधांचं युग’. सहल बेलेंच्या स्मारकाकडे जाते, राजपुत्र एन्रिक पुढे, बाकी शोधक मागे रांगेत, नंतर सगळ्यांना कस्टर्डची पेस्ट्री. तिथून चालत जायच्या अंतरावर जी वनस्पतींची बाग आहे, तिथे १९४० च्या प्रदर्शनात आफ्रिकेतून आणलेली माणसं झोपड्यांत ठेवून लोकांना दाखवली होती. आज त्या बागेत मुलांना खेळायला नेतात, तिथे काय झालं होतं हे मात्र कुणी सांगत नाही. दक्षिणेकडच्या लागुश बंदरात १४४४ मध्ये दोनशेहून जास्त आफ्रिकी माणसांची वाटणी आणि विक्री झाली, तिथून हा व्यापार मोठा होत गेला. पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांनी मिळून सुमारे ५८ लाख माणसं अटलांटिकपार नेली. २००९ मध्ये लागुशला वाहनतळासाठी खोदताना जुन्या उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. लिस्बनमध्ये गुलामांचं स्मारक व्हावं असं २०१७ ला नागरिकांनी मतदान करून ठरवलं, पुढे वर्षानुवर्षं जागेवर आणि कागदावर ते अडकलं. तुमच्या मिस्टरांचे पूर्वज कदाचित याच व्यापारातून गेले असतील. मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते शाळेवर सोडून चालणार नाही.

कुणी म्हणेल, मग पुणेच काय वाईट? तुम्ही ते विचारलं नाहीत, पण डोक्यात आलंच असेल. २०१३ मध्ये गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याचे देशबांधव पर्वरीला हमरस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याचा एक मंत्री नायजेरियनांना कॅन्सर म्हणाला होता. २०१७ ला ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारलं. आणि आपल्या लग्नघरात सावळ्या मुलीला काय काय ऐकावं लागतं, हे मी तुम्हाला काय सांगू. मलिक अंबरच्या नावाने अभिमान बाळगायचा आणि शेजारी आफ्रिकी भाडेकरू नको म्हणायचा, हे आपल्यालाही जमतं. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दींतले काही पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज, हे सावंतवाडीत मला शाळेत कधी कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझा सल्ला: या, पण एकदम सामान हलवू नका. अमेरिकन पासपोर्टवर ९० दिवस राहता येतं, ते वापरा, आणि उन्हाळ्यात नको. जानेवारीत या, घरं ओली आणि गार असतात, पर्यटक नसतात, माणसं खऱ्या मूडमध्ये असतात. काश्काइशला समुद्राकाठी उतरू नका. दोन आठवडे आमादोरा किंवा केलुशला राहा. घरं बघायला मिस्टरांनी एकट्याने जावं, माझ्यासारखी दलाल बरोबर नको. अमेरिकन मंडळींच्या ब्रंचला एकदा जा, पुरे. त्यापेक्षा कोवा द मोरात कुठे काशुपा, म्हणजे मका-कडधान्यांचं केप व्हर्डी कालवण, खायला बसा आणि इथे वाढलेल्या एखाद्या काळ्या आईला विचारा, तुझ्या मुलाला तू कुठल्या शाळेत घातलंस आणि का. कागदांचं त्या मानाने सोपं आहे: पेन्शन, भाडं अशी बसून मिळकत असेल तर डी-७, दूरस्थ नोकरी असेल तर डी-८. आयमाच्या, म्हणजे स्थलांतर खात्याच्या, कचेरीत तारीख मिळायला वेळ लागतो, जेवणाचा डबा घेऊन जायचं. नागरिकत्वाची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये आणला, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात नियम पुन्हा तपासा.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: एखाद्या मुलाला कुणी ‘तुझ्या देशात जा’ म्हटलं, तर तुम्ही काय करता? ‘आमच्याकडे असं होतच नाही’ म्हणाले, तर आभार मानून चहा संपवा आणि निघा. माझ्या एका ग्राहकाला ओडिव्हेलशच्या एका साध्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘गेल्याच महिन्यात झालं, तिसरीच्या वर्गात,’ आणि टेबलाच्या खणातून त्या दिवसाची नोंदवही काढून, कोण काय बोललं आणि कुणाच्या आईवडिलांना बोलावलं, ते वाचून दाखवलं. त्याने त्या दिवशीच फॉर्म भरला.